जुळलेल्या रेघा

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मोजणीदार टेबलाशी बसला, आलेखाच्या कागदावर त्याने दोन रेघा काढल्या आणि त्या जुळल्या. इतक्या जुळल्या की तो घाबरलाच. आता रेघा जुळल्या म्हणून कुणी घाबरतं का? बावीस वर्षं हा माणूस दर रविवारी याच टेबलाशी बसून याच दोन रेघा काढत आलेला, एक काळ्या पेन्सिलीने, एक निळ्या. काळी रेघ त्याची. ऑफिसच्या गच्चीवरच्या सापळ्यात चोवीस तासांत झाडांचा किती पराग सापडला, ते ती सांगायची. निळी बायकोची. त्या दिवशी तिला शिंका किती आल्या, डोळे किती चुरचुरले, नाक किती चोंदलं, याचा सगळा मिळून एक आकडा, शून्यापासून तीनपर्यंत, ती रोज रात्रीच्या जेवणानंतर एका वहीत लिहायची. अट एकच होती, की लिहिण्याआधी तिने दिवसाचा परागाचा आकडा विचारायचा नाही आणि त्याने सांगायचा नाही. रेघा बऱ्यापैकी जुळल्या की तो खूश होऊन हाक मारायचा, "अगं, बघ जरा!" मग ती ओल्या हातांनी यायची, वाकून बघायची आणि "छान," म्हणून परत जायची. आज त्याने हाक मारली नाही. कारण गेल्या नऊ दिवसांची काळी रेघ खोटी होती. त्या नऊ दिवसांत तो गच्चीवर गेलाच नव्हता. गेल्या वर्षीची वही काढून त्याच तारखांचे आकडे, इकडे पाच वाढव, तिकडे सात कमी कर, असं करत त्याने भरून टाकले होते. म्हणजे जो पराग हवेत नव्हताच, नुसता त्याच्या डोक्यातून निघाला होता, त्याने बायकोला त्रास झाला होता आणि तोही बरोब्बर मापात. दोनशे चाळीसला तीन. पंचावन्नला एक. तीनशे पाचला पुन्हा तीन. कुठेतरी माशी शिंकली होती हे उघड होतं. प्रश्न एवढाच, की बायको शिंकली होती का.

खोटेपणा त्याच्या अंगात नव्हता, हे त्याचे शत्रूसुद्धा सांगतील. शत्रू नव्हतेच म्हणा, तेवढं कर्तृत्व कुठून आणणार. नाकासमोर चालणारा माणूस. पण नाकासमोर चालायलाही गुडघे लागतात. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, त्याच्या डोक्यावर गच्ची आणि गच्चीवर जायला भिंतीत ठोकलेली एक लोखंडी शिडी, एकोणीस पायऱ्यांची. रोज सकाळी नऊला ती चढायची, सापळ्याचं झाकण उघडायचं, कालची स्लाइड काढायची, चिकट मलम लावलेली नवी बसवायची. खाली येऊन कालच्या स्लाइडवर गुलाबी रंगाचा थेंब टाकायचा आणि ती मायक्रोस्कोपखाली सरकवायची. डाव्या मुठीत मोजणीचं बटण. एक कण दिसला, एक टिक. बाराच्या आत गुणाकार-भागाकार करून आकडा साहेबांच्या टेबलावर ठेवायचा आणि टेलिफोनच्या यंत्रात आपल्या आवाजात भरायचा. असं बावीस वर्षं. त्या गुरुवारी अकराव्या पायरीवर उजवा गुडघा कट्कन वाजला आणि तो तिथेच अडकला. वर जाववेना, खाली उतरवेना. भिंतीला कपाळ टेकून तो किती वेळ उभा होता देव जाणे. भिंत गार होती. त्याला एवढंच वाटत होतं, की आता पुरे. दुखण्यापेक्षा ते 'पुरे' जास्त होतं. मग तो एकेक पाय शोधत खाली आला, खुर्चीत बसला आणि गेल्या वर्षीची वही उघडली. एकच दिवस, असं म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, सूज उतरू दे. तिसऱ्या दिवशी काहीच म्हणाला नाही. खोट्याचं असंच असतं, पहिल्यांदा जड जातं, मग सराव होतो. वाईट कशाचं वाटलं, तर कुणाच्या काही लक्षातच आलं नाही याचं. साहेबांनी कागद घेतला, सही केली, ट्रेमध्ये टाकला. खरा आकडा असता तरी त्यांनी हेच केलं असतं.

त्या नऊ दिवसांत त्याला टोचत राहिलं ते एकाच माणसापायी, आणि तो माणूस त्याने कधी पाहिलाही नव्हता. टेलिफोनचं ते यंत्र. ठरलेला नंबर फिरवला की मोजणीदाराचा आवाज सांगायचा, "नमस्कार. आजची झाडांची परागसंख्या, एका घनमीटर हवेत, इतकी इतकी." फोन किती आले ते यंत्राच्या पोटावरच्या खिडकीत दिसायचं. सुरुवातीला हंगामात दिवसाला दीडदीडशे फोन यायचे, तेव्हा तो घरी आल्यावर बूट काढायच्या आधी फोनांचा आकडा सांगायचा. मग लोकांच्या खिशात फोन आले, फोनमध्ये हवामान आलं, आणि दीडशेचे साठ, साठाचे सात झाले. गेली काही वर्षं त्या खिडकीत रोज एकच आकडा असायचा, एक. ऑफिसात सगळे हसायचे. "तुमचा भक्त आला का हो आज?" असं टंकलेखक बाई विचारायच्या. तो भक्त दुपारी एकच्या सुमाराला यायचा, म्हणजे मोजणीदार डबा खायला खालच्या हॉलमध्ये गेलेला असताना. वर येऊन बघावं तर खिडकीत 'एक'. मोजणीदाराने त्याला मनाशी चेहरासुद्धा दिला होता. तळमजल्यावरच्या एका खोलीत राहणारा दम्याचा म्हातारा, एकटा, मफलर गुंडाळलेला. खिडकी उघडावी की नको हे तो या आकड्यावर ठरवतो. खोटा आकडा भरताना मोजणीदार मनातल्या मनात त्याला सांगायचा, बाबा रे, आज उघडू नकोस, काही सांगता येत नाही.

पण आता या रेघांपुढे तो म्हातारा मागे पडला. शेजारच्या खोलीत बायको उशीला अभ्रा घालत होती. उशी झटकल्याचा आवाज आला, मग खिडकीची कडी काढल्याचा. शिंक आली नाही. तो कान देऊन बसला. त्याने आठवायला सुरुवात केली, की मंगळवारी, वहीत तीन लिहिलेल्या मंगळवारी, ती शिंकली होती का? संध्याकाळी आपण आलो, तिने दार उघडलं, चहा झाला, तिच्या बहिणीच्या घराच्या रंगकामाची गोष्ट झाली. मग? डोळे लाल होते का? हातात रुमाल होता का? काही म्हणता काही आठवेना. सतरा वर्षांपूर्वीच्या हंगामात सर्वांत मोठा आकडा किती होता असं कुणी झोपेतून उठवून विचारलं तर त्याने आठशे बारा म्हणून सांगितलं असतं. आणि पाच दिवसांपूर्वी आपली बायको शिंकली की नाही, हे त्याला सांगता येत नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. लाजेला काही फार बळ नव्हतं, ती आली आणि त्याच्यासारखीच थकून खुर्चीत बसली.

आणि आठवलं ते भलतंच. सोळा-सतरा वर्षांपूर्वीची ती सभा. डॉक्टर लोक जमले होते. हवेतला पराग वाढला की माणसाचा त्रास किती आणि किती दिवसांनी वाढतो, यावर मोठेमोठे लोक बोलले, आणि शेवटी, वेळ उरला म्हणून, मोजणीदाराला दहा मिनिटं दिली. गच्चीवरून तडक सभेला आलेला तो बायकोशेजारून उठला आणि आपल्या दोन रेघा त्याने पडद्यावर लावल्या. काळी चढली की निळी चढते, काळी उतरली की निळी उतरते, एक दिवसाचाही फरक नाही. सभागृह गप्प झालं. त्या शांततेत तिसऱ्या रांगेत बसलेली त्याची बायको एकदम शिंकली, आणि एक नाही, लागोपाठ सात. अख्खं सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे डॉक्टर उठून म्हणाले, "पुरावा सोबत घेऊन आलेला पहिला वक्ता!" घरी जाताना बायको लाजून लाल झाली होती, नाकही लाल होतं, आणि तो तिचा हात धरून भर रस्त्यात चालला होता, जे तो आधी कधी चालला नव्हता आणि नंतरही नाही. त्याच्या सबंध आयुष्यात अशी दहा मिनिटं एकदाच आली. त्या दिवशी त्याने घातलेला कोट अजून कपाटात आहे, बटण लागत नाही. आणि आता आठ महिन्यांवर निवृत्ती आली असताना साहेब म्हणाले होते, "तुमच्या आणि वहिनींच्या बावीस वर्षांच्या वह्या महिनाअखेरीला द्या. अहवाल छापू. तुमचं नाव पहिलं." एवढंच मागे राहणार होतं त्याचं. मुलगी दूर नोकरीला, घर भाड्याचं, गुडघा गेलेला. दोन रेघा तेवढ्या राहणार होत्या, आणि आज त्याला कळलं होतं की त्यातली एक दुसरीवरून गिरवलेली आहे. कधीपासून? नऊ दिवसांपासून, की बावीस वर्षांपासून?

"अगं," तो तिथूनच म्हणाला, "या आठवड्यात त्रास बराच झाला का गं?"

"झाला की. वहीत लिहिलंय ना."

"मंगळवारी?"

"मंगळवारी तीन." पाठ असल्यासारखं आलं. मग ती दारात येऊन उभी राहिली, हातात दुसरा अभ्रा. "का हो? जुळत नाही का?"

"जुळतंय."

"मग झालं तर."

त्याने तिच्याकडे बघितलं. दिवसभर काचेतून बघणारा माणूस, घरी नुसत्या डोळ्यांनी बघायचा कंटाळा करतो. डोळ्यांखाली सुरकुत्या होत्या, एक पापणीचा केस गालावर पडला होता, आणि डोळ्यांचा पांढरा भाग चक्क पांढरा होता. ऐन हंगामात इतके स्वच्छ डोळे त्याने तिचे पाहिले नव्हते. तिला विचारावं तर आधी आपलं सांगावं लागणार होतं. गेल्या वर्षीच्या वहीतून उचललेले आकडे कसे जुळले, असं कुठल्या तोंडाने विचारायचं? तो पेन्सिलींना टोक काढू लागला. दोन्हींना टोक होतंच.

सोमवारी तो शिडी चढला. गुडघ्याला पट्टा बांधून, दर पायरीला दोन्ही पाय टेकवत, लहान पोरासारखा. वर डोकं काढलं आणि झाडांनी त्याला तोंडावरच घेतलं. सापळा बसवला तेव्हा कुंपणालगतची ही झाडं कमरेएवढी रोपं होती. त्यानेच एका उन्हाळ्यात त्यांना पाणी घातलं होतं. ती भराभर तीन मजले चढली आणि आता गच्चीच्या कठड्यावर ओणवी झाली होती, आणि सापळ्यापर्यंत जायचं तर त्यांच्या फांद्यांमधून वाकून जावं लागायचं. शेंड्यांना पिवळे तुरे लोंबत होते. खांदा लागला की धूर सुटल्यासारखी पिवळी भुकटी उडायची, डोक्यावर, कॉलरमध्ये, बाह्यांवर. सापळा हलवायला हवा, तो आता शहराची हवा मोजत नाही, या झाडांचीच मोजतो, असं त्याने साहेबांना दोनदा लेखी दिलं होतं. पहिला अर्ज वर गेला. दुसरा अर्ज पहिल्या अर्जाला जोडून ठेवला गेला. मग त्यानेही नाद सोडला. त्याला स्वतःला काही होत नव्हतं. आयुष्यभर पराग खाऊन एक शिंक आली असेल तर शपथ. ज्याचं नाक धड, त्याला झाडं फक्त दिसतात. जुन्या स्लाइडवर बारा दिवसांचं लोणी जमलं होतं, पिवळं-काळं, एकातला एक कण वेगळा करता येईना. ती त्याने खिशात घातली, एक तासापुरती नवी बसवली, तिथेच कठड्याला टेकून बसून राहिला आणि मग खाली येऊन मोजली. टिक, टिक, टिक. गुलाबी गोल दाणे, प्रत्येकाला तीन बारीक छिद्रं, तेच ते, बावीस वर्षं तेच. तासावरून दिवसाचा अंदाज काढला तो चारशे दहा आला. 'तासाभराच्या मोजणीवरून' असं कंसात लिहून त्याने कागद साहेबांना दिला. मग यंत्रात आवाज भरला.

आज तो डबा खायला खाली गेला नाही. का नाही गेला, हे त्याला नीट ठाऊक नव्हतं. त्या म्हाताऱ्याला नऊ दिवस फसवलं, निदान एकदा ऐकावं तरी, तो श्वास कसा घेतो ते, एवढंच मनात होतं. यंत्राला जोडलेला एक जादा फोन टेबलावर होता, तो उचलला की चाललेलं ऐकू यायचं. एकला काही मिनिटं कमी असताना घंटी वाजली. यंत्र खट् करून सुरू झालं. त्याने रिसीव्हर अलगद कानाला लावला. त्याचाच आवाज, "नमस्कार. आजची झाडांची परागसंख्या..." आणि त्या आवाजाच्या मागे, पलीकडच्या खोलीत, एक घड्याळ घसा खाकरल्यासारखं खरखरलं आणि मग त्याने एक टोला दिला. ते घड्याळ त्याच्या ओळखीचं होतं. चार मिनिटं पुढे होतं. ती चार मिनिटं मागे करायची म्हणून तो गेली सहा वर्षं दर रविवारी ठरवत होता. "...चारशे दहा. धन्यवाद," यंत्रातला तो म्हणाला. आणि पलीकडून ती, जशी रोज सकाळी तो "येतो" म्हटल्यावर म्हणायची अगदी तशी, यंत्राला म्हणाली, "बरं."

फोन ठेवल्याचा आवाज आला. खिडकीत शून्याचा एक झाला. टंकलेखक बाई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "आला का भक्त?" तो म्हणाला, "आला." त्याला आधी राग आला. बावीस वर्षांची अट! न विचारता लिहायचं, एवढंच तर सांगितलं होतं. मग वाटलं, राग कुणावर काढतोस लेका, तू तरी कुठे धुतल्या तांदळासारखा. आणि मग राग, अपराध सगळं बाजूला राहून तो तळमजल्यावरचा म्हातारा त्याला आठवला, मफलरवाला, जो कुठेच नव्हता, आणि त्याच्या जाण्याने मोजणीदाराला चमत्कारिक पोरकं वाटलं. दुपारभर तो नुसता बसून होता. समोर स्लाइड होती, डोळा लावला नाही.

संध्याकाळी दार उघडताच ती शिंकली. एक, दोन, तीन. मागे सरली, बाहीतला रुमाल ओढून नाकाला लावला, चार, पाच. आणि रुमालाआडून म्हणाली, "गेलात वाटतं आज गच्चीवर."

तो उंबऱ्यातच उभा राहिला. बूट काढायचं सुचेना.

"रोजच जातो," तो म्हणाला. म्हणाला आणि आपलं आपल्यालाच कसंतरी झालं. "नाही. नव्हतो गेलो. नऊ दिवस गेलो नव्हतो. गुडघा..."

"माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? शर्टाने सांगितलं." ती खुर्चीवर टेकली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. "बसा आधी. पाय बघा कसा धरलाय." आणि मग जणू भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात तिने सांगितलं, की हंगामात तो घरी आला की कॉलर पिवळी असते, खुंटीला शर्ट लावला की खोलीभर होतं, आणि धुवायला घेतला की नाकी नऊ येतात. पोरगी सहावीत होती त्या वर्षी तो आठ दिवस प्रशिक्षणाला गेला होता. ऐन हंगाम होता, सगळं शहर शिंकत होतं, आणि ही घरात ठणठणीत. तो आला, बॅग उघडली तरी काही नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन आला आणि सुरू झालं. "तेव्हाच कळलं मला. शहराच्या हवेने मला काही होत नाही हो. फार तर एखादी शिंक. मला होतं ते तुमच्या शर्टाने."

पोरगी सहावीत. त्याने हिशेब केला, सवयीने. अठरा वर्षं.

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलणार होते? तुम्ही सभेला चालला होतात त्याच्या पुढच्याच वर्षी. नवा कोट शिवला होता." तिने नाक पुसलं. "बोलले असते तर तुम्ही शर्ट बाहेर काढून आला असतात. चांगलेच आहात तुम्ही तसे. मग माझी रेघ आडवी झाली असती. आणि तुम्ही रविवारी कुणाला हाक मारली असती?"

तो समोरच्या खुर्चीत बसला.

"एकदा झालीही होती चूक," ती म्हणाली. "तुम्ही पावसात भिजून आला होतात, शर्ट धुऊन निघालेला, मला काही झालं नाही, मी शून्य लिहिलं. तुमचा आकडा निघाला पाचशे. तुम्ही त्या रविवारी जेवला नाहीत. पेन्सिल घेऊन बसलात, कुठे चुकलं, कुठे चुकलं म्हणून. तेव्हापासून मी फोन करते. एकला. काम आटोपलेलं असतं."

"म्हणजे नऊ दिवस तुला काहीच..."

"काही नाही. छान गेले." हे ती इतकं सहज म्हणाली की त्याला गलबलून आलं. "पहिले दोन दिवस वाटलं, गेलं वाटतं दुखणं वयाबरोबर. तिसऱ्या दिवशी शर्ट हातात घेऊन वास घेतला. नुसता घामाचा. म्हटलं, स्वारी शिडी चढत नाहीये आणि आकडे मात्र भरतेय. म्हटलं बरंय, गुडघ्याला तेवढाच आराम."

"आणि तीन लिहिलंस."

"तुम्ही तीनशे पाच म्हणालात, मी तीन लिहिलं. तुम्ही खोटं बोललात ते यंत्रात, मी लिहिलं ते वहीत. फिटंफाट." आणि ती हसली, आणि हसता हसता पुन्हा शिंकली, सहा, सात. सभेतल्यासारख्या. त्या टाळ्या आता त्याच्या कानात वाजल्या आणि त्याला त्या नकोशा झाल्या. पडद्यावर उंच चढलेली ती निळी रेघ म्हणजे शहर नव्हतं, शास्त्र नव्हतं. ही बाई होती. तो रोज संध्याकाळी कॉलरवर घालून आणत होता तेच तिच्या नाकात जात होतं आणि तेच ती इमानाने लिहीत होती. काळी रेघही त्याची, निळीही त्याचीच. स्वतःशीच जुळला होता तो, बावीस वर्षं. तो खुर्चीतून उठला, अंगातला शर्ट काढला आणि हातात धरून उभा राहिला, कारण तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी तिनेच नाक दाबून, चिमटीत धरून, तो बादलीत टाकला.

मंगळवारी सकाळी शिडी चढून-उतरून आल्यावर त्याने नऊ दिवसांच्या आकड्यांवर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'मोजणी झाली नाही.' मग बायकोच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. सगळ्यांत वरच्या वहीच्या पुठ्ठ्यावर, ऑफिसच्या वळणदार अक्षरात, त्याने लिहिलं, 'या नोंदी शहराच्या हवेच्या नाहीत. मोजणीदाराच्या शर्टाच्या आहेत.' खाली सही, तारीख. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"अहो, हे काय! अहवालाचं काय करायचं मग?"

"करू नका."

"राहू द्या हो. इतकं कोण बघतंय? सुंदर जुळतंय सगळं."

"म्हणूनच," मोजणीदार म्हणाला. त्याला आणखी समजावत बसायची ताकद नव्हती. साहेबांनी गठ्ठा ट्रेमध्ये ठेवला, त्या दोन अर्जांच्या वर. बावीस वर्षं तिथे मावली. त्याला वाटलं होतं फार लागेल, पण लागलं ते थोडंच, आणि तेही दुपारपर्यंत बोथट झालं. एकला चार मिनिटं कमी असताना फोन वाजला. आता तिला आकड्याची काहीच गरज नव्हती. तरी वाजला. त्याने रिसीव्हर उचलला नाही, खिडकीकडे बघत राहिला. शून्याचा एक झाला.

संध्याकाळी तो जिना चढून दारापाशी आला आणि बेल वाजवण्याआधी मजल्यावरच शर्ट काढू लागला. गुडघ्यामुळे एका हाताने कठडा धरावा लागत होता, बटणं एका हाताने सुटता सुटेनात. वरून उतरणारे शेजारी थबकले. "काय हो, बाहेर काढलं वाटतं वहिनींनी?" तो म्हणाला, "माझा मीच निघालो." शर्ट पिशवीत कोंबला, पिशवीला गाठ मारली, ती दाराबाहेर ठेवली. ओल्या रुमालाने केस पुसले, मान पुसली, कानामागे पुसलं. मग बनियनवर, पोट आत घेऊन, त्याने स्वतःच्या घराची बेल वाजवली.

तिने दार उघडलं. रुमाल आधीच नाकाशी धरलेला होता, अठरा वर्षांच्या सवयीने. त्याला तसा पाहून तिला हसू आलं होतं, पण ते तिने आवरलं, कारण शिंक यायची वेळ झाली होती. दोघं शिंकेची वाट बघत उभे राहिले, तो बाहेर, ती आत. तिने डोळे मिटले, नाक जरा वर केलं. आतलं घड्याळ खरखरलं आणि सहाचे टोले द्यायला लागलं. तो मोजत होता. सहा झाले.

"आली नाही," ती म्हणाली.

"थांब अजून जरा."

ती थांबली. मग तिने रुमाल खाली घेतला, घडी करून बाहीत खोचला, आणि एक लांब श्वास नाकाने आत घेतला, त्याच्या अगदी समोर, त्याच्या अंगाचा. त्याला रडू आलं. लपवायला जागा नव्हती, शर्टही नव्हता.

"अठरा वर्षं," तो म्हणाला. "अठरा वर्षं, अगं."

"आत या आधी," ती म्हणाली. "गार वारा आहे."